गुंडीचं पोट आणि डागमास्तरांचं तोंड

आमच्या ड्रायक्लीनिंगच्या दुकानात मागच्या बाजूला एक लांबट खोली आहे. खिडकीखाली पत्र्याचं टेबल, त्यावर मान वाकवता येणारा दिवा आणि भिंतीवरच्या फळीवर ओळीने लावलेल्या बाटल्या. ते डागमास्तरांचं राज्य. मी पुढे काउंटरवर बसते, कपडे घेते, चिठ्ठ्या फाडते. कोटावर, चादरीवर, लग्नाच्या कपड्यांवर जे काही सांडलेलं असेल ते मी मागे पाठवते आणि डागमास्तर ते काढतात. चौदा वर्षं आम्ही असं पाठीला पाठ लावून काम करतोय. ते मला ताई म्हणतात. त्यांना नावाने हाक मारणारं दुकानात कोणीच उरलं नाही.

डागमास्तरांना किळस फार. दुसऱ्याच्या कपातून चहा नाही, दाराची कडी कोपराने उघडायची, शेजारी कोणी कान कोरायला लागलं की जेवणाचा डबा बंद. कॉलरला चिकटलेला केस चिमट्याने उचलताना त्यांचं नाक असं आक्रसतं की बघणाऱ्यालाही मळमळावं. मी एकदा विचारलं, एवढी किळस येते तर याच कामात कसे पडलात? ते म्हणाले, “बाकीच्यांना सवय होते ताई. सवय झाली की डाग दिसेनासा होतो. मला होत नाही सवय.”

खरंच होत नव्हती. कपडा नाकाशी नेऊन ते सांगायचे, हे दूध आहे, तीन दिवसांचं, आणि या शहाण्यांनी त्यावर उकळतं पाणी ओतलंय. एका गृहस्थांनी सूटवर शाई सांडली म्हणून सांगितलं. मास्तरांनी वास घेतला, सूट दोन बोटांत धरून टेबलाच्या टोकाला ठेवला आणि मला आतूनच म्हणाले, यांना विचारा, शाई प्यायले होते का. ती उलटी होती.

या माणसाला मुलगी झाली. कोटाच्या गुंडीसारखी गोल आणि चकचकीत, म्हणून आम्ही सगळे तिला गुंडी म्हणायला लागलो. गुंडीची आई बसस्थानकात तिकीटखिडकीवर बसते, तिची कामाची पाळी बदलती. म्हणून शाळेतून आल्यावर गुंडी खालच्या मजल्यावर आत्याकडे असायची. आत्या म्हणजे मास्तरांची मोठी बहीण. दोन मुलं वाढवलेली बाई, त्यामुळे मुलांबद्दल तिला सगळं ठाऊक, आणि ठाऊक नसलेलंही ठाऊक.

गुंडी चार वर्षांची झाल्यावर शिशुवर्गात जायला लागली. दोन-तीन महिन्यांनी चड्डी खराब व्हायला सुरुवात झाली. आधी कधीतरी, मग रोज, मग दिवसातून चारदा. पोट दुखायचं, फुगायचं, खाणं कमी झालं. दोन घास खाल्ले की पोट धरून पालथी पडायची. आणि वास. मास्तर सांगायचे, जिना चढतानाच मला कळतं आज काय झालंय.

पहिल्या डॉक्टरांनी तिला हातही लावला नाही. जुलाब म्हणाले, थांबवायचं औषध दिलं. चार दिवस जरा बरं, मग आधीपेक्षा वाईट. दुसऱ्यांनी जंत ठरवले. तिसऱ्यांनी शी तपासायला सांगितली. मास्तरांनी ती डबी तीन पिशव्यांत गुंडाळून, हात लांब करून, सगळा रस्ता चालत नेली. रिक्षात शेजारी कोणी बसलं तर काय घ्या. तपासणीत काही निघालं नाही. मग पोट नाजूक आहे असं ठरलं.

आत्याने आपल्या परीने दूध बंद केलं. मग फळं बंद, मग भाजी बंद. जुलाब होणाऱ्या पोराला चोथा कशाला, असं तिचं म्हणणं. शेवटी गुंडी पांढरा भात, पाव आणि बिस्किटांवर आली. पाणीसुद्धा घोट-घोट मिळायचं. तिचा चेहरा धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखा झाला होता.

आणि मग आत्याने निकाल लावला, की ही मुद्दाम करते. आळशी आहे, खेळातून उठायला नको, चार वर्षांची घोडी झाली तरी लाज नाही. हे ती गुंडीच्या देखत म्हणायची. गुंडी त्या वेळी आत्याच्या पलंगाखाली जाऊन बसायची. मास्तरांनी बहिणीला गप्प केलं नाही. करायला हवं होतं. पण त्यांना स्वतःलाही तसंच वाटायला लागलं होतं, आणि हे त्यांनी मला फार पुढे सांगितलं, बाटल्यांकडे बघत, माझ्याकडे पाठ करून.

एका रविवारी तासाभरात तीनदा चड्डी बदलावी लागली. तिसऱ्या वेळी त्यांनी गुंडीला न्हाणीघरात उभं केलं आणि कपड्यांच्या ब्रशने घासलं. ती रडलीसुद्धा नाही, भिंतीला हात टेकून उभी राहिली. बाहेर आल्यावर आईने मांड्या बघितल्या, लाल रेघा उठल्या होत्या. ती नवऱ्याशी दोन दिवस बोलली नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी मास्तर एक बांधलेली पिशवी घेऊन दुकानात आले. घरी कितीही घासलं तरी डाग जात नाहीत, म्हणाले, इथे काढतो. आत गुंडीच्या सहा चड्ड्या होत्या. मी पुढचं दार उघडं ठेवलं. त्यांनी हातमोजे चढवले, तोंडाला फडकं बांधलं, टेबलावर चड्ड्या ओळीने मांडल्या आणि दिवा खाली ओढला. मला वाटलं, आता एखाद-दुसरी बाटली उघडल्याचा आवाज येईल. अर्धा तास काहीच आवाज आला नाही. मी डोकावले तर ते नुसते बघत उभे होते.

“ताई, इकडे या जरा.”

मला जायची अजिबात इच्छा नव्हती, पण गेले.

मास्तर आमच्याकडे यायच्या आधी सहा वर्षं एका रुग्णालयाच्या धुलाईखान्यात होते. जुलाबाच्या चादरी त्यांनी ढिगाने पाहिल्या होत्या. जुलाबाचा डाग पसरतो, म्हणाले, पाणी पुढे पळतं आणि कडेला कंगोरा उठतो. इथे कंगोरा नव्हता. इथे एकाच जागी बोटभर रेघ, चिकट, आणि तिच्यावर थर. खालचा सुकलेला, वरचा ओला, त्यावर अजून एक. थोडं थोडं, दिवसभर, पाझरल्यासारखं. सहाच्या सहा चड्ड्यांवर तेच.

“ही करत नाहीये,” मास्तर म्हणाले. “हे गळतंय.”

मग त्यांना आठवलं, की पंधरवड्यापूर्वी गुंडी एकदा अर्धा तास किंचाळत बसली होती, आणि जे बाहेर पडलं त्याने संडास तुंबला होता. मोठ्या माणसाला होणार नाही एवढं जाड. त्यांनी बादल्यांवर बादल्या ओतल्या होत्या आणि किळस येऊन तो प्रकार डोक्यातून पुसून टाकला होता. जुलाब होणाऱ्या मुलीला असं कसं होईल, हा प्रश्न तेव्हा पडायला हवा होता. त्याआधी ती कधी नीट संडासला बसली होती, हे घरात कोणालाच सांगता येईना. चड्डी रोज खराब म्हणजे पोट रोज साफ, असंच सगळे धरून चालले होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सुट्टी काढली आणि गुंडीला सरकारी दवाखान्यातल्या बालडॉक्टरीणबाईंकडे नेलं. वयस्क बाई, केस पांढरे, नखं अगदी खोल कापलेली. खोलीत उकडत होतं, बाकावर रांग होती, पण बाईंनी घाई केली नाही. मास्तरांनी डागांचं सगळं वर्णन केलं, थरांसकट. बाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग गुंडीला टेबलावर झोपवलं, हात चोळून गरम केले आणि पोट दाबून बघितलं. डाव्या बाजूला खाली त्यांचा हात थांबला. त्यांनी मास्तरांचा हात धरला, त्यांची दोन बोटं तिथे ठेवली आणि दाबायला लावली. आत दगडासारखं काहीतरी होतं. बेंबीपर्यंत.

“हे काय आहे?” मास्तरांनी विचारलं.

“शी,” बाई म्हणाल्या. “किती आठवड्यांची आहे देव जाणे.”

मास्तरांनी हात मागे घेतला.

बाईंनी त्यांना बसवून समजावलं. जुलाब नाहीतच, उलटं आहे. मूल शी दाबून धरतं. धरून धरून ती आत सुकते, मोठी होते, बाहेर येताना फाडते. दुखलं की मूल अजून धरतं. आतडं फुगून ढिलं पडतं, शी आलेली त्याला कळेनाशी होते, आणि मागून येणारी पातळ शी या दगडाच्या कडेकडेने पाझरते. पोरीला पत्ताही नसतो. तिला ओरडणं म्हणजे घाम आला म्हणून ओरडण्यासारखं. थांबवायच्या औषधाने दगड अजून पक्का झाला. भाजी, फळं, पाणी बंद केल्याने त्याहून पक्का. बाईंचा आवाज शांत होता, पण पहिल्या डॉक्टरांची चिठ्ठी त्यांनी वाचून अशी बाजूला सरकवली, की मास्तर मला म्हणाले, “मी झुरळ पडलेला पेला सरकवतो ना, तशी.”

ती का धरते, हे आता शोधायचं होतं. बाईंनी गुंडीला उठवून आपल्या खुर्चीवर बसवलं आणि स्वतः स्टुलावर बसल्या. शाळेत शी आली तर काय करतेस, असं विचारलं.

“आत ठेवते.”

“का गं?”

“तिथे घाण आहे. आणि मावशी म्हणतात घरी जाऊन कर.”

“मग घरी?”

गुंडी खुर्चीत मागे सरकली. मग तिने बापाकडे बघितलं आणि म्हणाली, “घरी बाबा असं करतात.” आणि तिने करून दाखवलं. नाकाचा शेंडा वर ओढला, वरचा ओठ दुमडला, डोळे अर्धे मिटले, मान मागे नेली आणि म्हणाली, “शी.”

आपल्या भाषेत पोरांच्या त्या गोष्टीला आणि तोंड फिरवायला एकच शब्द आहे. गुंडीने तो अगदी बापाच्या आवाजात म्हटला होता.

हे सांगताना मास्तरांनी मला तिची नक्कल करून दाखवायचा प्रयत्न केला आणि मध्येच थांबले. त्यांना ते तोंड करायला नक्कल लागतच नव्हती. “ताई, पोरगी माझ्याकडे बघून शिकली की पोटातून बाहेर येतं ते बापाला सहन होत नाही. म्हणून तिने आत ठेवलं.” उलटी येते तेव्हा माणूस तोंडावर हात धरतो, तसा हात धरून ते तिथेच बसले. सगळ्या जगाची किळस करणाऱ्या माणसाला स्वतःची किळस आलेली मी प्रथमच पाहिली. मी पाणी आणून ठेवलं.

शुक्रवारी ते शाळेत गेले. मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत गुलाबाच्या वासाचं काहीतरी फवारलेलं होतं. मास्तरांनी शिशुवर्गाचा संडास बघायचाय म्हटल्यावर बाई म्हणाल्या की पालकांना तिकडे जायची परवानगी नसते. मास्तरांनी विचारलं, तुम्ही शेवटच्या कधी गेला होतात? बाई म्हणाल्या, आमचा वेगळा आहे. त्याची किल्ली त्यांच्याच टेबलावर होती, लाल फीत बांधलेली.

मास्तर सरळ उठले आणि वासाचा माग काढत गेले. विचारायची गरज नव्हती.

मला त्यांनी जे सांगितलं त्यातलं अर्धंच लिहिते. साठ मुलांना दोन भांडी, त्यातलं एक काठोकाठ तुंबलेलं आणि त्यावर फळकूट टाकलेलं. दुसऱ्याच्या कडांवर जुने वाळलेले पोपडे, त्यांवर माश्या. जमिनीवर काळपट ओल, आणि तिच्यात लहानलहान बुटांचे ठसे. दाराला कडी नाही, कडीच्या जागी भोक. नळाला पाणी नाही. बादली होती, तिच्यात एक मोजा तरंगत होता. भिंतीवर, चार वर्षांच्या मुलाचा हात पोचेल एवढ्या उंचीवर, बोटं पुसल्याच्या तपकिरी रेघा. मुलांनी दुसरं करायचं तरी काय? धुवायला पाणी नव्हतं आणि सांगायला कोणी नव्हतं. मास्तर बाहेर आले आणि शाळेच्या अंगणात, कुंपणाशी ओकले.

त्यांनी तोंड पुसलं, परत खोलीत गेले आणि मुख्याध्यापिकाबाईंना म्हणाले, “माझ्याबरोबर चला.” बाई नाही म्हणायच्या बेतात होत्या, पण यांच्या तोंडाकडे बघून उठल्या. दारापाशी पोचल्यावर त्यांनी रुमाल नाकाला लावला.

“रुमाल काढा,” मास्तर म्हणाले. “मुलांकडे रुमाल नसतो.”

बाईंनी रुमाल काढला नाही. मावशीवर ढकललं. मावशी तिथेच उभी होती. ती म्हणाली, साठ पोरं आणि मी एकटी, पाणी तळमजल्यावरून आणायचं, म्हणून मी पोरांना सांगते धरा. मी काय चुकीचं करते? मास्तरांना तिचा संताप यायला हवा होता, पण आला नाही. सगळा संताप त्या लाल फितीच्या किल्लीवर गेला. नुसती ती किल्ली मागून ते थांबले नाहीत. दुरुस्ती होईपर्यंत शिशुवर्ग शिक्षकांचा संडास वापरेल, असं बाईंकडून लिहून घेतलं आणि कागद खिशात घातला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहून इतर आईबापांना विचारलं तेव्हा कळलं, की सात-आठ घरांत हेच चाललं होतं. कोणाचं पोरगं दिवसभर पाणी पीत नव्हतं, कोणाचं घरी पोचताच पायरीवरच सोडत होतं. सगळे आपापल्या घरात पोरांना मारत होते आणि कोणाला सांगत नव्हते. लाजेपोटी.

इकडे औषध सुरू करायचं होतं. आतला दगड विरघळवण्यासाठी एक पावडर, भरपूर पाण्यातून, तीन-चार दिवस. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की घरात महापूर येईल. आणि मुख्य औषध म्हणजे तुमचं तोंड, असं मास्तरांना बजावलं. पोरीने वर बघितलं की बापाचा चेहरा साधा दिसला पाहिजे.

मास्तरांनी त्याची तयारी दुकानात केली. फळीवरच्या एका बाटलीचा वास असा आहे की उघडली की पुढचं गिऱ्हाईक पाऊल मागे घेतं. ती नाकाखाली धरून ते माझ्यासमोर उभे राहायचे आणि विचारायचे, “दिसतंय का काही?” मी म्हणायचे, नाक हललं. पुन्हा बाटली. आता ओठ. पुन्हा. एका कोटवाल्या गिऱ्हाइकाने हा प्रकार बघितला आणि आपला कोट न देताच निघून गेला. तीन दिवसांनी मी म्हटलं, आता काही दिसत नाही. ते म्हणाले, आतून दिसतंय. मी म्हटलं, आत बघायला ती येणार नाही.

ते चार दिवस त्यांनी एकट्याने काढले. गुंडीच्या आईने सुट्टी घेते म्हटलं तर नको म्हणाले. पहिल्या दिवशी काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी सुरू झालं ते थांबेचना. काळं, जुनं, दगडाचे तुकडे आणि त्यामागून पाणी. संडासात, वाटेत, त्यांच्या हातावर, एकदा शर्टाच्या बाहीत. तो वास सांगता येत नाही, असं डागमास्तर म्हणतात, आणि वास सांगणं हेच त्यांचं पोटापाण्याचं काम. गुंडी दर वेळी मान वळवून त्यांच्या तोंडाकडे बघत होती. ते म्हणत होते, छान, अजून येऊ दे. मग ती झोपली की न्हाणीघरात नळ सोडून ओकत होते.

आत्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर आली, नाकाला पदर लावला आणि म्हणाली, “काय गं बाई ही घाण.” मास्तरांनी तिला हाताला धरून दाराबाहेर नेलं. पुढचे दोन महिने वर यायचं नाही, आणि आली तर असलं एक अक्षर बोलायचं नाही, असं सांगितलं. तिने माफी मागितली नाही, आजतागायत मागितलेली नाही. पण भाजी, फळं आणि पाणी मात्र पुन्हा सुरू केलं, तेही आपलीच कल्पना असल्यासारखं.

एका फटक्यात काही बरं झालं नाही. बाईंनी आधीच सांगितलं होतं, ढिलं पडलेलं आतडं पुन्हा घट्ट व्हायला महिने लागतात. थोडी पावडर रोज चालूच ठेवायची आणि रोज जेवणानंतर पायाखाली पाट ठेवून दहा मिनिटं बसायचं, झालं नाही तरी हरकत नाही. दारात मास्तर बसायचे. तिसऱ्या महिन्यात गुंडीला सर्दी झाली, पावडर चुकली आणि दोन आठवड्यांत सगळं पुन्हा पहिल्यावर आलं. तेव्हा मास्तर मला म्हणाले की काल पुन्हा माझं नाक वर गेलं, तिने बघितलं. मग काय केलंत, मी विचारलं. “तिला सांगितलं, हे माझ्या नाकाचं दुखणं आहे, तुझं नाही.” ती म्हणाली, मग नाकाला औषध घ्या.

शाळेत नळ आला, कडी आली, दुसरी मावशी आली. तुंबलेलं भांडं फोडून नवं बसवलं. स्वच्छ म्हणावं असं ते अजूनही नाही. मास्तर दर सोमवारी कामावर यायच्या आधी तिथे जाऊन येतात. मुख्याध्यापिकाबाईंना ते डोळ्यांसमोर नको असतात, पण फाटकावर त्यांना अडवायची कोणाची हिंमत होत नाही.

औषध पूर्ण बंद व्हायला अकरा महिने लागले. शेवटच्या खेपेला मीही बरोबर गेले होते, गुंडीनेच चल म्हटलं म्हणून. डॉक्टरीणबाईंनी पोट दाबलं, सगळीकडे बोटं फिरवली आणि मऊ आहे म्हणाल्या. कागदावरची पावडर खोडली. गुंडी टेबलावरून उतरली आणि तिने विचारलं, आता मी तुमचं बघू?

बाहेर बाकावर सोळा माणसं बसली होती. बाईंनी चष्मा काढला, टेबलावर आडव्या झाल्या आणि अंगावरचा पांढरा कोट बाजूला केला. गुंडीने आधी हात चोळले. मग दोन बोटं डावीकडे खाली नीट टेकवली, दाबली, डोळे मिटून थोडा विचार केला.

“थोडी आहे,” ती म्हणाली. “घाबरू नका. भरपूर पाणी प्या.”

मास्तरांना इतकं हसू आलं की त्यांना भिंत धरावी लागली.